जन्मजात हृदयविकृती आणि टू-डी इको : माणदेशातील एका वैद्याचा अनुभव

मार्गशीर्षातील श्रीसिद्धनाथाची रथयात्रा आटोपली की म्हसवडची बाजारपेठ चार-आठ दिवस सुस्तावते. आमच्या चिकित्सालयात मात्र याच दिवसांत लेकुरवाळ्या स्त्रियांची रीघ लागते. यात्रेतील धूळ, रात्रीचा गारठा आणि अनियमित आहार यांमुळे बालकांचे कास, प्रतिश्याय व ज्वर हटकून वाढतात. सन २००९ मधील अशाच एका गर्दीच्या दिवशी तीन महिन्यांचे एक बालक कासासाठी आमच्याकडे आणले गेले. सोबत आलेल्या आजीने लक्षण अगदी नेमके सांगितले होते : “डॉक्टर, लेकरू दूध वढतंय, मधीच सोडतंय, दम खातंय अन् पुन्हा वढतंय. कपाळाला घाम फुटतोय बघा.” ऐन थंडीत स्तनपान करताना घामाघूम होणारे बालक! एवढे एक वाक्य निदानाची दिशा दाखविण्यास पुरेसे होते. आम्ही ते ऐकले, कफाधिक्य अशी नोंद केली, बालचतुर्भद्र चूर्ण मातेच्या दुधातून देण्यास सांगितले आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो.

ते बालक पुढील सहा आठवड्यांत आणखी दोन वेळा आले. मधल्या काळात घरच्यांनी औषध दुकानातून प्रतिजैविकाच्या दोन बाटल्या नेल्या होत्या आणि पोटावर बिब्बा घालण्याचा उपायही करून झाला होता. तिसऱ्या खेपेस झबले काढून पाहिले तेव्हा डाव्या स्तनाखाली छाती उडताना नुसत्या डोळ्यांना दिसत होती. यकृताची कडा बोटांना लागत होती. सहा आठवड्यांत वजन जेमतेम पाव किलोने वाढले होते. स्टेथोस्कोप पूर्ण एक मिनिट ठेवला, आणि जो ध्वनी पहिल्याच दिवशी ऐकावयास हवा होता तो त्या दिवशी ऐकला. दिघंची-आटपाडीमार्गे आम्ही त्या कुटुंबास सांगलीस बालरोगतज्ज्ञांकडे पाठविले. तेथून मिरजेस टू-डी इको झाला. दोन्ही निलयांच्या मधल्या पडद्यात मोठे छिद्र, म्हणजे व्हीएसडी, आणि फुप्फुसधमनीतील दाब बराच वाढलेला, असे निदान हाती आले.

दोष यंत्राच्या अभावाचा नव्हता. यंत्र काही तासांच्या प्रवासावर उपलब्ध होते. तेथवर बालकास पोचविणारा निर्णय मात्र आमच्या टेबलावर सहा आठवडे पडून राहिला. सुदैवाने बालक त्या काळात तगले. पिवळ्या शिधापत्रिकेच्या आधारे तत्कालीन जीवनदायी योजनेतून पुण्यात शस्त्रक्रिया झाली आणि ते सुधारले. परंतु त्या प्रसंगानंतर आम्ही या विषयाचा जमेल तसा अभ्यास सुरू केला, आणि त्यातील जे आपल्या व्यवसायबंधूंना व औषधविक्रेत्यांना प्रत्यक्ष उपयोगी पडेल ते येथे मांडत आहोत. इको कसा करावा हे शिकविण्याचा यात हेतू नाही. ते प्रशिक्षित हृदयरोगतज्ज्ञांचे काम होय. कोणास पाठवावे, केव्हा पाठवावे आणि हाती आलेला अहवाल कसा समजून घ्यावा, एवढाच आमचा प्रांत.

प्रथम या यंत्राची जन्मकथा सांगितली पाहिजे, कारण ती रंजक आहे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर नावाचे हृदयरोगतज्ज्ञ आणि हेल्मुट हर्ट्झ नावाचे पदार्थवैज्ञानिक या दोघांनी हृदयाच्या हालचाली शरीराबाहेरून कशा टिपता येतील याचा ध्यास घेतला होता. माल्मो येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात पोलादातील जोडांमध्ये दडलेल्या भेगा शोधण्यासाठी श्रवणातीत ध्वनी वापरीत. हर्ट्झ यांनी ते यंत्र तेथून एका आठवडाअखेरीपुरते मागून आणले आणि स्वतःच्याच छातीवर लावून पाहिले. पुढे सीमेन्स कंपनीचे असेच यंत्र मिळवून २९ ऑक्टोबर १९५३ रोजी या जोडीने हृदयाच्या हलत्या प्रतिध्वनींची पहिली नोंद केली. लोखंडातील चीर शोधणारी विद्या अशा रीतीने हृदयातील चीर शोधावयास आली.

तत्त्व सोपे आहे. हातातील प्रोबमध्ये असे स्फटिक असतात की विजेचा स्पंद मिळताच ते कंप पावतात आणि परतलेला कंप पुन्हा विजेत बदलतात. शरीराच्या मृदू धातूंतून ध्वनी सेकंदास सुमारे १५४० मीटर वेगाने जातो. प्रतिध्वनी परतण्यास लागलेल्या वेळावरून यंत्र खोली मोजते आणि पडद्यावर बिंदू उमटविते. असे असंख्य बिंदू एका सेकंदात अनेक वेळा नव्याने उमटले की हलते हृदय दिसू लागते. प्रौढांसाठी साधारण २ ते ४ मेगाहर्ट्झचा, तर तान्ह्या बालकांसाठी ७ ते १२ मेगाहर्ट्झपर्यंतचा प्रोब वापरतात. वारंवारता जितकी जास्त तितके चित्र सूक्ष्म, पण ध्वनी तितकाच उथळ जातो. बालकाची छाती लहान असल्याने हा व्यवहार परवडतो. हाड आणि हवा ध्वनीला अडवितात. म्हणूनच तपासणारे डॉक्टर फासळ्यांच्या फटीतून, हृदयाच्या टोकावरून, छातीच्या हाडाखालून आणि गळ्याच्या खळगीतून अशा ठरावीक खिडक्यांतून पाहतात. तान्ह्या बालकांच्या फासळ्या अद्याप बऱ्याच अंशी कूर्चामय असल्याने या खिडक्या प्रौढांपेक्षा अधिक उघड्या असतात, ही निसर्गाची कृपाच म्हणावयाची.

आमच्या भागातील पालक या तपासणीस घाबरतात. ‘करंट देतात’, ‘किरणं सोडतात’ असे समज अजून आहेत. यात इंजेक्शन नाही, क्ष-किरण नाहीत, वेदना नाही. थोडी थंडगार जेली छातीवर लावावी लागते इतकेच. मात्र रडणाऱ्या, हातपाय झाडणाऱ्या बालकाचा इको नीट होत नाही. म्हणून आईने दुधाची वेळ साधून जावे, बालक पिऊन झोपी गेले की तपासणी निर्विघ्न होते. थोड्या मोठ्या मुलांना तेथील डॉक्टर झोपेचे तोंडावाटे औषध देतात. हे आधी समजावून सांगितले तर निम्मे काम होते; अन्यथा म्हसवडहून पहाटेच्या एसटीने गेलेली माता ‘पोरगं राहिनाच’ म्हणून तपासणीविना परत आल्याची उदाहरणे आमच्यापाशी आहेत.

आता अहवालाविषयी. जन्मजात विकारांच्या इको अहवालाची पहिली ओळ बहुधा ‘सायटस सॉलिटस, लेव्होकार्डिया’ अशी असते. हे एखाद्या भयंकर व्याधीचे नाव समजून एक वडील आमच्यासमोर अक्षरशः रडले होते. गलाईच्या व्यवसायानिमित्त दक्षिणेत राहणारे ते कुटुंब सुट्टीत गावी आले असता तिकडचा अहवाल घेऊन आमच्याकडे आले होते. वस्तुतः या शब्दांचा अर्थ एवढाच की उदरातील व छातीतील अवयव आणि हृदय नेहमीच्या बाजूस आहेत! तज्ज्ञ प्रथम हृदयाचे स्थान, मग कोणती शीर कोणत्या कप्प्यात उघडते, मग कोणती धमनी कोणत्या कप्प्यातून निघते, असे पायरीपायरीने पाहत जातात, आणि त्या क्रमातील ही पहिली पायरी होय.

दुसरा घोटाळा रंगांचा. कलर डॉप्लरमध्ये प्रोबकडे येणारा प्रवाह लाल आणि प्रोबपासून दूर जाणारा प्रवाह निळा दाखविण्याचा संकेत आहे. लाल म्हणजे शुद्ध रक्त आणि निळे म्हणजे अशुद्ध रक्त असा अर्थ आमच्या परिचयातील एका सुविद्य वैद्यमित्रांनी एका शिबिरात पालकांना समजावून सांगितला होता. तो सर्वस्वी चूक आहे. प्रोबची दिशा बदलली की तेच रक्त लालचे निळे दिसते. जेथे अनेक रंगांची खिचडी दिसते तेथे प्रवाह वेगवान व खळबळीचा आहे, एवढेच समजावे.

तिसरी गोष्ट दाबाची, आणि ती खरोखर महत्त्वाची आहे. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडलेल्या तत्त्वावर रक्ताचा वेग मोजता येतो. त्या वेगावरून दाबातील फरक काढण्याची पद्धत नॉर्वेतील लिव्ह हाटले आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात रूढ केली. सूत्र सोपे आहे : वेगाचा वर्ग करून त्यास चाराने गुणावे. व्हीएसडीतून रक्त सेकंदास ४ मीटर वेगाने जात असेल तर दोन निलयांच्या दाबात ६४ मिलिमीटरचा फरक आहे. बालकाचा वरचा रक्तदाब ९० असेल, तर उजव्या निलयात साधारण २६ एवढाच दाब आहे. म्हणजे छिद्र लहान, फुप्फुसे सुरक्षित. याउलट वेग केवळ २ मीटर असेल तर फरक १६ चा, म्हणजे उजव्या निलयात ७४ पर्यंत दाब चढलेला. हे छिद्र मोठे आहे आणि फुप्फुसांवर अतिरिक्त भार टाकीत आहे.

यातूनच एक विरोधाभास उलगडतो. नळाच्या तोंडावर बोट दाबले की पाणी फुत्कारते. बोट काढले की मुकाट वाहते. त्याचप्रमाणे लहान छिद्राचा मर्मर मोठा आणि मोठ्या छिद्राचा मर्मर कित्येकदा मंद असतो. ‘आवाज फारसा नाही, चिंता नको’ असे वाक्य कोणत्याही वैद्याने उच्चारू नये. तसेच, जन्मतः फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांचा प्रतिरोध जास्त असल्याने पहिल्या काही दिवसांत मोठ्या छिद्राचा ध्वनी ऐकूच येत नाही; तो प्रतिरोध उतरू लागल्यावर, चौथ्या ते सहाव्या आठवड्याच्या सुमारास, ध्वनी आणि लक्षणे दोन्ही प्रकट होतात. प्रसूतिगृहाच्या कागदावर ‘हृदय निर्दोष’ लिहिलेले असले तरी दीड महिन्याच्या लसीकरणाच्या वेळी छाती पुन्हा ऐकली पाहिजे ती यासाठी.

नवजात बालकाच्या अहवालात ‘पीएफओ’ किंवा अगदी लहान एएसडी लिहून आल्यास मात्र पालकांनी घाबरून जाऊ नये. गर्भावस्थेतील ही वाट जन्मानंतर हळूहळू बंद होते आणि पुष्कळ बालकांत पहिल्या वर्षात तिचा मागमूसही उरत नाही. लहान व्हीएसडीही अनेकदा आपोआप मिटतात. ‘अर्जुनाच्या क्षीरपाकाने छिद्र बुजले’ अशा ज्या कथा आपल्या वर्तुळात सांगितल्या जातात, त्यांतील बहुतेकांचे रहस्य येथे आहे. आम्हांस अर्जुनाविषयी पूर्ण आदर आहे, प्रौढ हृद्रोगात आम्ही तो वापरतो; परंतु जे छिद्र आपोआप मिटणार होते त्याचे श्रेय घेणे, आणि जे मिटणार नव्हते त्या बालकास त्याच भरवशावर सहा महिने थांबविणे, यांतील दुसरी गोष्ट प्राणघातक ठरते.

शास्त्रात या विकारांचे स्थान कोणते, असा प्रश्न व्यवसायबंधू विचारतात. चरकोक्त पाच हृद्रोग, म्हणजे वातज, पित्तज, कफज, सान्निपातिक व कृमिज, हे जन्मोत्तर व्याधी होत. त्यांत व्हीएसडी किंवा फॅलोची टेट्रालॉजी ओढूनताणून बसविण्याचे जे प्रयत्न प्रबंधांतून दिसतात ते आम्हांस पटत नाहीत. त्यापेक्षा सुश्रुतांनी सूत्रस्थानात व्याधींचे जे सात वर्ग केले आहेत त्यांतील आदिबलप्रवृत्त व जन्मबलप्रवृत्त हे दोन वर्ग अधिक जवळचे वाटतात. जन्मबलप्रवृत्तांच्या उदाहरणांत जात्यंध, बधिर, मूक, पंगू यांचा उल्लेख आहे, हृदयाचा नाही. ज्या काळी जिवंत बालकाच्या हृदयात डोकावण्याचे साधन नव्हते, त्या काळी तो असता तरच नवल. जे दिसत नव्हते ते लिहिले नाही, यात शास्त्रकारांचा प्रामाणिकपणाच दिसतो.

सुश्रुतांच्या शारीरस्थानात चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि म्हणून स्त्रीस दौहृदिनी म्हणावे, असा विचार आहे. आधुनिक गर्भविज्ञानानुसार हृदय गर्भधारणेनंतर सुमारे तीन आठवड्यांतच स्पंदू लागते आणि आठव्या आठवड्यापर्यंत त्याचे पडदे बहुतांशी घडून जातात. दोन्ही विधानांचा मेळ घालण्यात वेळ दवडण्यापेक्षा त्यातून निघणारा व्यवहार पाहावा. आमच्याकडे स्त्री गर्भिणीपरिचर्येसाठी येते ती बहुधा तिसऱ्या महिन्यात, तोवर हृदय घडून झालेले असते. मधुमेह आटोक्यात आणणे, फॉलिक ॲसिड सुरू करणे, रुबेलाची लस पूर्ण झाली आहे का हे पाहणे, या गोष्टी गर्भधारणेपूर्वीच व्हावयास हव्यात. गर्भिणीस झालेल्या रुबेलामुळे बालकास पीडीए, मोतीबिंदू व बहिरेपणा एकत्र येऊ शकतात. महाराष्ट्रात गोवर-रुबेला लसीकरणाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली. त्या आधी वाढलेल्या मुली आज प्रसूतीच्या वयात आहेत, हे ध्यानी असावे. आणि आणखी एक अप्रिय विषय. मामाची मुलगी करण्याची चाल सातारा-सांगली भागात अजून आहे. निकट रक्तसंबंधातील विवाहात जन्मजात विकृतींची, त्यांत हृदयविकृतींचीही, शक्यता वाढते. विवाहापूर्वी आमचा सल्ला कोणी विचारीत नाही. विचारला तर आम्ही सांगतो, आणि बहुधा तो मानला जात नाही.

त्रिविध परीक्षेकडे वळू. दर्शन, स्पर्शन व प्रश्न यांचा अभिमान आपण बाळगतो, तेव्हा अमेरिकेतील हेलन टाऊसिग यांचे उदाहरण आपणांस आवडेल. बालहृदयरोगशास्त्राच्या या जननीची श्रवणशक्ती तारुण्यातच क्षीण झाली होती. मर्मर त्या कानांनी ऐकण्याऐवजी छातीवर बोटे ठेवून जाणून घेत. त्यांच्याच विचारातून, आल्फ्रेड ब्लॅलॉक व व्हिव्हियन थॉमस यांच्या हातून, निळ्या बालकांवरील पहिली शस्त्रक्रिया २९ नोव्हेंबर १९४४ रोजी जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात झाली. तेव्हा इको नव्हता.

प्रश्न परीक्षेत तीन गोष्टी विचाराव्यात : एका वेळचे स्तनपान किती मिनिटे चालते, मध्ये थांबावे लागते का, आणि घाम येतो का. दर्शनात ओठ, जीभ व नखे पाहावीत. सावळ्या वर्णात निळेपणा जिभेवर लवकर ओळखू येतो. स्पर्शनात यकृत आणि नाडी. येथे एक तक्रार नोंदवितो. नाडीपरीक्षेवर आपल्याकडे व्याख्याने होतात, शिबिरे होतात. परंतु बालकाच्या जांघेतील नाडी पाहणारे वैद्य किती? महाधमनी जन्मतः आवळलेली असेल तर हाताची नाडी भरलेली आणि जांघेची क्षीण किंवा नाहीशी असते. दोन बोटांच्या या परीक्षेस यंत्र लागत नाही. त्याखेरीज पल्स ऑक्सिमीटर आता प्रत्येक चिकित्सालयात असतो. कोविडने तो घरोघर पोचविला. जन्मानंतर चोवीस तास उलटल्यावर उजव्या हातावर व पायावर मापन करावे. दोन्ही ठिकाणी ९५ पेक्षा कमी, अथवा दोहोंत तीनपेक्षा अधिक अंतर पुनःपुन्हा आल्यास इको हवाच. ९० च्या खाली असल्यास त्याच दिवशी पाठवावे. मात्र तान्ह्या बालकासाठी लहान मुलांचा वेगळा प्रोब लागतो, मोठ्यांच्या बोटाची चिमटी चालत नाही.

पुष्य नक्षत्रावर सुवर्णप्राशनासाठी आमच्याकडे दर महिन्यास शे-दीडशे बालके येतात. अनेक व्यवसायबंधूंकडे याहून अधिक येत असतील. त्या रांगेत थेंब देण्याआधी प्रत्येक बालकाचे वजन लिहावे आणि अर्धा-पाऊण मिनिट छाती ऐकावी, असा परिपाठ आम्ही ठेवला आहे. रांग लांबते, पालक कुरकुरतात. आजवर या रांगेत चार बालकांची हृदयविकृती सापडली. हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते नऊ बालकांस जन्मजात हृदयविकृती असते. तीस हजार लोकवस्तीच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या क्षेत्रात वर्षाकाठी साडेचारशे जन्म धरले तर अशी चार बालके दरसाल जन्मतात. ती कोठेतरी आहेत. बहुधा कोणाच्या तरी ओपीडीत, कासाचे औषध घेत.

औषधविक्रेते बंधूंस येथे विशेष विनंती. तान्ह्या बालकासाठी दोन-तीन महिन्यांत तिसऱ्यांदा खोकल्याची वा प्रतिजैविकाची बाटली मागावयास कोणी आले, तर ते प्रथम आपणांसच कळते, कारण डॉक्टर बदलतात, दुकान सहसा बदलत नाही. ‘छातीचा इको झाला आहे का?’ एवढे विचारावे. दुसरी गोष्ट औषधांची. हृदय थकलेल्या बालकास तज्ज्ञ फ्युरोसेमाइड व कधी डिगॉक्सिन देतात. डिगॉक्सिनचे द्रव औषध मिलिलिटरला ०.०५ मिलिग्रॅम एवढ्या अल्प प्रमाणाचे असते आणि उपयुक्त मात्रा व विषारी मात्रा यांत अंतर फार थोडे. चमच्याने देण्याची चाल येथे चालत नाही, मोजपट्टी असलेले ड्रॉपर वा सिरिंज द्यावी. अशा बालकास यष्टिमधुयुक्त कासौषधी देऊ नये. ज्येष्ठमधाने शरीरात क्षार व जल साठते आणि पोटॅशियम उतरते. फ्युरोसेमाइडनेही ते उतरते. आणि पोटॅशियम उतरले की डिगॉक्सिन विषवत वागू लागते. आपल्या कपाटातील किती कासौषधींत यष्टिमधु आहे हे आपण जाणताच. धत्तूर असलेला कनकासवही श्वासाच्या नावाखाली अशा बालकास कदापि देऊ नये. हृदयाची गती त्याने अधिकच वाढते. निळ्या बालकांत वमन-विरेचन वर्ज्य. माणदेशाच्या वैशाखात अशा बालकास जुलाब लागले तर रक्त दाट होऊन गुठळी होण्याचा धोका असतो, तेव्हा ओआरएस तत्काळ सुरू करून पाठवावे.

शासकीय व्यवस्थेत आपल्या पदवीधरांवर या कामाची मोठी जबाबदारी आली आहे, याची दखल संघटनेच्या व्यासपीठावर पुरेशी घेतली जात नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघर येथे झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची तपासणी करणाऱ्या या पथकांत दोन आयुष वैद्यकीय अधिकारी, एक औषधनिर्माता व एक परिचारिका असते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी होते. तपासावयाच्या विकारांत जन्मजात हृदयविकृतीचा समावेश आहे. म्हणजे अंगणवाडीतील बालकाच्या छातीवर पहिला स्टेथोस्कोप आज बहुधा बीएएमएस पदवीधराचाच असतो. तेथून जिल्हा रुग्णालय, इको, आणि गरजेनुसार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून शस्त्रक्रिया, अशी वाट आहे. नवी मुंबईतील खारघर येथील श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात बालकांच्या हृदयशस्त्रक्रिया विनामूल्य होतात. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांची मुले मात्र तपासणीच्या दिवशी गावी नसतात. दिवाळीपूर्वी टोळ्या निघतात, परततात तो उन्हाळा आलेला असतो. या मुलांची यादी अंगणवाडी सेविकांकडून घेऊन ती परतल्यावर आपल्या चिकित्सालयात तपासणे आपणांस शक्य आहे.

गर्भाचा इको हाही विषय आता दूरचा राहिलेला नाही. सुमारे १८ ते २२ आठवड्यांत तो करतात. आधीच्या अपत्यास हृदयविकृती, मातेस मधुमेह अथवा सोनोग्राफीत शंका असल्यास आवर्जून. महाधमनी व फुप्फुसधमनी यांची अदलाबदल असलेले बालक जन्मापूर्वी ओळखले गेले तर प्रसूती मोठ्या केंद्रात करविता येते आणि पहिल्या काही आठवड्यांतच शस्त्रक्रिया साधते. अन्यथा ते वाटेतच दगावते. मात्र हे यंत्र गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत येते, गर्भवतीच्या प्रत्येक तपासणीस फॉर्म एफ भरावा लागतो. आपल्या भागात या तंत्राचा दुरुपयोग कोणत्या थरास गेला हे २०१७ मधील म्हैसाळच्या प्रकरणाने साऱ्या देशास दिसले. आपण चिठ्ठी देताना कारण स्पष्ट व सविस्तर लिहावे, आणि चिठ्ठीआडून दुसरे काही विचारले गेल्यास तेथेच थांबवावे.

मुलींविषयी एक निरीक्षण लिहिल्याविना राहवत नाही. आमच्या वह्यांत जेथे तपासणी पुढे ढकलली गेली, ‘सुगी झाल्यावर बघू’ असे म्हटले गेले, तेथे मुलींची नावे अधिक आहेत. त्यांतील एक मेंढपाळ कुटुंबातील. ती प्रथम आमच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती. चढ चढताना बसते, नखे फुगीर झाली आहेत, ओठ जांभळे पडतात, अशी तक्रार होती. तान्हेपणी तिला वारंवार छाती भरून येई, मग तीन-चार वर्षांची झाल्यावर ते आपोआप थांबले म्हणून घरचे निश्चिंत झाले होते. व्याधी बरी झाल्याचे ते लक्षण नव्हते. फुप्फुसांच्या वाहिन्या जाड व कठीण होऊन त्यांत जाणारे जादा रक्त थांबले, एवढाच त्याचा अर्थ होता. इकोत मोठा व्हीएसडी दिसला, आणि प्रवाह उलटा, उजवीकडून डावीकडे. यास आयझेनमेंगर अवस्था म्हणतात. या टप्प्यावर छिद्र बुजविले तर रुग्ण दगावतो, म्हणून शस्त्रक्रिया करीत नाहीत. पहिल्या वर्षात जे छिद्र शिवता आले असते ते आता तिच्या उजव्या निलयाचा एकमेव सुटकेचा मार्ग झाले होते.

ती मुलगी आज सतरा वर्षांची आहे. फुप्फुसांतील दाब कमी ठेवणाऱ्या गोळ्या तिला मिरजेहून सुरू आहेत. आम्ही तिचे पथ्य, मलप्रवृत्ती, उन्हाळ्यातील जलपान आणि दातांची स्वच्छता एवढे पाहतो. दात काढावयाचा असल्यास आधी प्रतिजैविक घ्यावे लागते, ही सूचना तिच्या वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे. मागील वर्षी तिच्या आईस पुन्हा दिवस गेले. माता मेंढरांबरोबर बाहेर असल्याने गर्भाचा इको साधला नाही. परंतु मुलगा जन्मल्यावर सहाव्या आठवड्यात ती त्यास घेऊन स्वतःहून आमच्याकडे आली. छाती ऐकली, जांघेतील नाडी पाहिली, ऑक्सिमीटर लावला. काही आढळले नाही. तरीही आम्ही इकोसाठी चिठ्ठी दिली. पाच दिवसांनी अहवाल घेऊन ती परत आली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “डॉक्टर, हे सॉलिटस काय हाय?”